करवंटीवर मोजलेलं पोहणं

दाजी खवणेकरांचा कशावरच विश्वास नव्हता, आणि ही गोष्ट त्यांनी कधी लपवूनही ठेवली नाही. मिठाची गोण आली की वरची मूठ बाजूला सारून ते खालची चाखत. बंदरावरच्या घंटेने दहा ठोके दिले की सूर्याकडे बघत, आणि सूर्य ढगाआड असला तर दोघांवरही संशय घेत. देवळात कौल लावायची वेळ आली की गुरवाने देवाच्या अंगावर चिकटवलेली पाकळी किती ओली केली आहे, हे आधी विचारत. जास्त ओली पाकळी उशिरा पडते आणि देवाच्या नावावर गुरवाचं मत खपतं, असं त्यांचं म्हणणं. गुरव चिडायचा. पण दाजींच्या वेळी पाकळी बेतानेच ओली करायचा, हेही खरं.

मालवणच्या किनाऱ्यावर एका रापणीचे ते तांडेल, म्हणजे म्होरके. रापण हे वाळूवरून ओढायचं जाळं. होडीने अर्धवर्तुळ घेत ते समुद्रात सोडायचं, आणि मग दोन्ही टोकांच्या सुंभाच्या दोऱ्या वीस-वीस माणसांनी किनाऱ्यावर उभं राहून ओढायच्या. तास, दीड तास, कधी दोन. त्यात हात दुखतात असं कुणी म्हणत नसे, कारण ते सगळ्यांचेच दुखत.

एका गोष्टीबद्दल मात्र दाजींना शंका नव्हती. वजन आणि पाणी यांचं जमत नाही. सन छत्तीसमध्ये त्यांचा थोरला भाऊ गंगाराम खडकात अडकलेलं जाळं सोडवायला उतरला होता. तळ लवकर गाठावा म्हणून हातात दगड घेऊन बुडी मारायची रीत होती. दगडाची दोरी मनगटात गुंतली. जाळं सुटून वर आलं, गंगाराम आला नाही. दाजी होडीत बसलेले होते. शास्त्राला एक उदाहरण पुरत नसेल, पण होडीत बसलेल्या भावाला ते पुरतं.

गंगारामाचा मुलगा सहदेव तेव्हा सहा महिन्यांचा. त्याला दाजींनी वाढवला. गंगारामाची बायको गोदूबाई हिने डोक्यावर माशांची पाटी घेतली आणि वरच्या गावांची वाट धरली. कट्टा या गावच्या बाजारापर्यंत चालत जायचं आणि संध्याकाळपर्यंत परत. ती कमी बोलायची. तिला एकच हवं होतं, आणि ते तिने वीस वर्षं जा-ये करताना मनाशी पक्कं केलं होतं: सहदेव जाळ्यावर राहता कामा नये.

अठ्ठावन्न साली गणपती गेले आणि बंदरावर एक कागद लागला. मुंबईची आगबोट बंदराबाहेर थांबे आणि उतारू होड्यांतून किनाऱ्यावर येत. आदल्या वर्षी या चढ-उतारात एक गृहस्थ आणि त्यांची ट्रंक असे दोघेही पाण्यात पडले. ट्रंक तरंगत होती म्हणून आधी ती काढली. गृहस्थ आपले आपणच आले आणि त्यांनी वर लिहून कळवलं. तेव्हा सरकारी लाँचवर पोहणारा एक खलाशी कायमचा घ्यायचा, असं ठरलं. परीक्षा जानेवारीत. बंदराच्या धक्क्यावरून समोरच्या समुद्रातल्या किल्ल्याच्या तटाला हात लावून परत यायचं, जो पहिला येईल त्याला जागा. सहदेवने अर्ज केला. त्याच रापणीतल्या बाबलीनेही केला. दोघे एका वयाचे, एका वाळूवर वाढलेले. बाबली दंडाने थोडा भरदार, सहदेव थोडा चपळ.

इथे हायस्कुलातले कवायतीचे मास्तर येतात. सत्यवान गावडे हे त्यांचं नाव. कसालकडच्या शेतकरी घरातले. बोलताना पुस्तकी मराठी बोलत, आणि राग आला म्हणजे कसालची. एका रविवारी ते दाजींच्या दारात एक चीज घेऊन आले. लोखंडी कांब, तिच्या दोन्ही टोकांना डालड्याचे डबे आणि डब्यांत घट्ट बसलेलं सिमेंट.

"ह्यां काय?" दाजी खाटेवरून न उठता म्हणाले.

"वजन आहे, दाजीकाका. सहदेवसाठी. परदेशात पोहणारे आता वजनं उचलतात. छापून आलंय."

"छापलां कोणी?"

"एका मासिकात."

"तो मासिकवालो पोवता?"

मास्तरांनी डबे खाली ठेवले. "ते नक्की माहीत नाही."

"आणि तुमका, मास्तरानु? तुमका पोवूक येता?"

"प्रश्न तो नाहीये, काका."

"माका तोच पडलो," दाजी म्हणाले. "आणि ह्यां सिमिट खंयचां?"

सिमेंट तेव्हा परवान्याशिवाय मिळत नसे, आणि मास्तरांचा एक भाऊ कसालजवळ मोरीच्या कामावर होता. मास्तर म्हणाले, उरलेलं होतं. दाजी म्हणाले, उरलां कसां? मोरी आखूड केली काय? ती मोरी मात्र पुढे बरीच वर्षं टिकली.

तो लेख मी नंतर वाचला. त्यात एका प्रशिक्षकाने वजनांची भलामण केली होती, आणि पुढच्याच पानावर दुसऱ्याने बजावलं होतं की वजनं उचलून स्नायू आखडतात, हात पाण्यात लाकडासारखे होतात, पोहणाऱ्याने लोखंडाच्या वाऱ्यालाही उभं राहू नये. मास्तरांच्या अंकातलं पुढचं पान फाटलेलं होतं.

दाजींना हे दुसरं मत वाचायची गरज नव्हती. त्यांच्याजवळ भाऊ होता, आणि सावंतवाडीचा एक पैलवान होता. हा पैलवान जत्रेच्या वेळी मालवणला येऊन समुद्रात उतरला होता आणि कमरेएवढ्या पाण्यातून त्याला चौघांनी धरून बाहेर आणला होता. पण सहदेव हट्टाला पेटला. "काका, बाबलीचे दंड बगितलंस? माका कायतरी करूक व्हयाच." गोदूबाई चुलीकडे तोंड करून बसली होती. ती म्हणाली, "भावजीनु, तेका जागा मिळाक व्हयी. कशान मिळता तां तुमी बगा."

वहिनीने वीस वर्षांत पहिल्यांदा काही मागितलं होतं. दाजींनी रात्रभर विचार केला आणि सकाळी निकाल दिला. संशयी माणूस दुसऱ्याचं ऐकत नाही, त्यामुळे त्याला सगळं स्वतः करून बघावं लागतं.

"दोगय पोवतले. सहदेव उचलतलो, बाबली उचलूचो नाय. दर आयतवारी मोजूया. मगे कळतला."

बाबलीला यात संशय आला. "मोजतलो कोण? तुमी?"

"करवंटी मोजतली," दाजी म्हणाले.

लग्नात भटजी घटिका मोजायला तांब्याची वाटी वापरतात तसलाच हा प्रकार होता. तळाला बारीक भोक पाडलेली करवंटी पाण्याच्या घंगाळात सोडायची. ती भरून बुडाली की काढायची, रिकामी करायची, पुन्हा सोडायची. किती वेळा बुडाली तो वेळ. मास्तरांकडे शर्यतीत वेळ लावायचं शाळेचं थांबतं घड्याळ होतं, पण ते मास्तरांच्या हातात राहणार होतं. करवंटी कुणाच्या ओळखीची नव्हती.

मास्तरांनी एक अट घातली. वजन उचलणाऱ्याला विश्रांती हवी. "सकाळी दोन तास दोरी ओढून आलेला माणूस वजन काय उचलणार?" दाजींना हे पटलं, आणि एवढंच पटलं. भेसळ नको. सहदेवने रापणीला यायचं नाही, फक्त डबे उचलायचे आणि पोहायचं. बाबलीने डब्यांना हात लावायचा नाही, रोजचं काम करायचं आणि पोहायचं. चाळीस माणसांनी हा ठराव ऐकला. त्यातल्या एकालाही त्यात काही वावगं दिसलं नाही. हे ध्यानात ठेवावं.

पहिल्या रविवारी सहदेव पंधरा करवंट्यांत किल्ल्याला जाऊन आला, बाबली साडेपंधरा.

सहदेव पहाटे मास्तरांबरोबर माडांच्या आड जाऊन डबे उचलू लागला. लाजेपोटी, कारण नुसतंच काहीतरी वर करून पुन्हा होतं तिथेच खाली ठेवणं हा उद्योग गावात कुणी पाहिलेला नव्हता. आडोशाचा व्हायचा तो परिणाम झाला. गोव्यात अजून पोर्तुगीज होते, बांदा-इन्सुलीच्या बाजूने घड्याळं आणि सोनं येतं असा बोभाटा होता आणि किनाऱ्यावर जकात नाक्याचे शिपाई फिरत. दोन माणसं पहाटे माडांत जड डबे हाताळताहेत, अशी खबर लागली. शिपाई आला.

"डब्यात काय आहे?"

"सिमेंट," मास्तर म्हणाले.

"सिमेंट कशाला?"

"पोहण्यासाठी."

शिपायाने हातोडी मागवली. डाव्या डब्याचा एक मोठा टवका उडाला. आत सिमेंट होतं. ते त्याने हुंगलं, जिभेला लावलं आणि नाइलाजाने परत दिलं. त्या दिवसापासून कांब उजवीकडे कलू लागली. दाजींनी ती हातावर तोलून पाहिली. "झाला," ते म्हणाले. "आता हो पाण्यात गोल गोल फिरतलो."

तो गोल फिरला नाही, पण पुढेही गेला नाही. तिसऱ्या रविवारी दोघे बरोबर आले. पाचव्याला बाबली अर्ध्या करवंटीने पुढे. नोव्हेंबर संपता संपता आठवा रविवार आला. बाबली पंधरा, सहदेव सोळा. बाबलीला आता करवंटीबद्दल काही शंका उरली नव्हती. सहदेवला मात्र आली. त्याने भोक तपासलं. मग बाबली काय खातो याची चौकशी केली. तो सगळ्यांसारखं पेज आणि सुकं खात होता.

त्या संध्याकाळी दाजी अंगणात बसून मास्तरांना समजावत होते. आवाजात आनंद नव्हता, पण बरोबर ठरण्याची सवय होती.

"मी सांगलंय होतां. जो उचलता तो जड जाता. आठ आयतवार, मास्तरानु. तुमच्या मासिकवाल्यान किती मोजल्यान?"

"काका, दोन महिने म्हणजे काहीच नाही."

"जानेवारीक दोनच रवले."

सहदेव पडवीच्या खांबाला टेकून बसला होता. गोदूबाई बाजारातून आली, पाटी उतरवली, आणि अंगण झाडायला लागली. वाटेत ते डबे होते. तिने एका हाताने कांब मधोमध धरली, बाजूला ठेवली, खालचं झाडलं आणि कांब परत होती तिथे ठेवली. मग ती थांबली. पुन्हा उचलली. या खेपेला जरा विचार करून.

"सहदेवा," ती म्हणाली, "ह्यां उचलतस तू?"

"हां."

"आणि रापण वडूक जायनास?"

"मास्तरांनी नको सांगल्यानी."

गोदूबाईने झाडू भिंतीला लावला. "मगे वजन सोडलां कोणी? बाबल्यान काय तुया?"

मास्तरांचं तोंड उघडं होतं. दाजींनी पान खायला घेतलं होतं, त्याला चुना लावायचा राहिला. ज्या माणसाने मीठ, घंटा, सूर्य आणि देवाची पाकळी यांतलं काहीही सोडलं नव्हतं, त्याला सबंध आयुष्यात आपल्या दोरीचा संशय आला नव्हता. दोरी म्हणजे काम. काम हे वजन असतं, हे चाळीस माणसांपैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही, कारण चाळीसही जण ते ओढत होते.

पण दाजी वहिनीच्या शब्दावरही विसंबणारे नव्हते. दुसऱ्या दिवशी सुक्या मासळीचा व्यापारी लवू याच्या काट्यावर सगळा खटला गेला. डब्यांची कांब अर्धा मणही भरली नाही, टवका उडाल्यामुळे थोडी कमीच. मग रापणीच्या ओल्या दोरीचं एक वेटोळं चढवलं. ते उचलायला तिघे लागले आणि काट्याने सव्वा मण दाखवलं. त्यात जाळं नाही, मासे नाहीत, समुद्राची ओढ नाही. लवू म्हणाला, "आणखी काय जोकूचां आसा?" गोदूबाई पाटी घेऊन बाजाराला निघाली होती. दाजींनी तिला थांबवलं. सुरमईने भरलेली पाटी काट्यावर ठेवली. कांबेपेक्षा पाच शेर जास्त.

मास्तरांनी पाटीकडे पाहिलं, गोदूबाईकडे पाहिलं. "काकींना पोहता येतं का?" त्यांनी हळूच विचारलं.

"येयना," दाजी म्हणाले. "नायतर जागा तिकाच मिळतली होती."

आता प्रयोग पहिल्यापासून करायला हवा होता. एक वजन उचलणारा, आणि एक खरोखरच काही न उचलणारा. दाजी तीन दिवस असा माणूस शोधत फिरले. जो पोहत होता तो दोरी ओढत होता, नाहीतर होडी ढकलत होता, नाहीतर माडावरून नारळ उतरवत होता. अख्ख्या किनाऱ्यावर पोहता येणारा आणि ओझं न उचलणारा एकही निघाला नाही. ओझं न उचलणारे काही होते, कचेरीतले कारकून आणि स्वतः मास्तर. त्यांना पोहता येत नव्हतं. प्रश्न होता तिथेच राहिला, आणि परीक्षेला आठ आठवडे उरले.

सहदेव रापणीवर परत आला. दाजींनी त्याला दोरीला पाण्याच्या अगदी तोंडाशी उभा केला, जिथे लाट आली की माणसाला आत ओढते आणि ओढ सगळ्यात जास्त. डबे सोडायला सांगितले नाहीत. बाबलीने ते पाहिलं.

"काका, आता तो दोनय करता."

"तूय कर. कोणी धरलाहा?"

"माका नको. सिमिट चोरीचां."

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात पाच उमेदवार धक्क्यावर उभे राहिले. गावात दोन बातम्या होत्या. एक, जागा आधीच रत्नागिरीच्या कुणाच्या तरी भाच्याला दिलेली आहे. दोन, तो भाचा कोण, हे सहदेवला ठाऊक आहे. पाचांतला एकही रत्नागिरीचा नव्हता, पण त्यामुळे संशय कमी झाला नाही. परीक्षा घ्यायला आलेले बंदराचे साहेब खुर्चीवर बसले. दाजी त्यांच्यापुढे जाऊन उभे राहिले आणि कचेरीतल्या मराठीत म्हणाले, "साहेब, पाचही जण एकाच पायरीवरून सुटतील ना? आणि लाँच बाजूला राहील की पुढे? पुढे राहिली तर तिच्या मागचं पाणी एकालाच मिळेल."

साहेबांनी लाँच बाजूला घ्यायला सांगितली.

आदल्या संध्याकाळी दाजींनी सहदेवला सांगितलं होतं, ओहोटी असेल, जाताना किल्ल्याच्या उत्तरेकडच्या बुरुजावर नजर ठेव, पाणी तुला आपोआप दरवाजाशी आणेल. तेच त्यांनी बाबलीला सांगितलं होतं.

"तेका सांगलंस तांच माका सांगलंस मां?" बाबलीने विचारलं.

"तेका इचार."

"तो खरां सांगतलो?"

"माका काय ठावक?" दाजी म्हणाले. हा त्यांच्या हाताखाली वाढल्याचाच गुण होता, आणि तो दोघांतही उतरला होता.

गोदूबाई त्या दिवशी बाजाराला गेली नाही. दाजी होडी घेऊन पोहणाऱ्यांच्या मागे जाणार होते आणि डोलत्या होडीत करवंटी चालत नाही, म्हणून घंगाळ धक्क्यावर तिच्यापुढे ठेवलं होतं. इशारा झाला. पाच माणसं पाण्यात पडली. धक्क्यावर शंभर माणसं समुद्राकडे बघत होती. ती एकटी करवंटीकडे. समुद्राकडे बघत उभं राहणं तिने सन छत्तीसमध्ये एकदा केलं होतं.

तटाला पहिला हात बाबलीचा लागला. सहदेव चार हात मागे. बाकीचे तिघे ओहोटीने खाली गेले होते आणि बुरुजाशी भांडत होते. होडीतून दाजी ओरडत नव्हते. परतीच्या वाटेवर मधोमध दोघे एका रेषेत आले. बाबली जोर लावून पुढे निघे, सहदेव आपल्या लयीने त्याला गाठे. धक्का पन्नास हातांवर आला तेव्हा बाबलीचा उजवा हात पाण्यातून नीट वर येईना. सहदेवचेही हात जड झाले असणार, पण ते येत राहिले.

"किती झाले?" कुणीतरी गोदूबाईला विचारलं.

"तेरा. चवदावी बुडूक नाय अजून."

ती अर्धी भरलेली होती तेव्हा सहदेवचा हात पायरीला लागला. बाबली दोन हात मागे. गोदूबाईने करवंटी बुडायची वाट पाहिली नाही. उचलून पालथी केली आणि मग वर बघितलं.

साहेबांनी सहदेवचं नाव लिहून घेतलं. मास्तर भोवती जमलेल्यांना सांगत होते की हा डब्यांचा विजय आहे. बायका म्हणत होत्या, दोरीचा. बाबली अंग पुसत म्हणत होता की त्याला पाण्याबद्दल काहीतरी सांगायचं राहून गेलं असणार. साहेबांनी दाजींना जवळ बोलावलं. "तुम्ही तयारी करून घेतली म्हणे. नक्की कशाने झालं हे?"

दाजींच्या आयुष्यात सरकारने त्यांना पहिल्यांदाच मत विचारलं होतं.

"सांगता येणार नाही, साहेब," ते म्हणाले. "त्याने दोन्ही केलं होतं."

पुढे लाँचवर आणखी एक जागा निघणार असल्याची आवई उठली. एका पहाटे बाबली दाजींच्या अंगणात आला आणि इकडेतिकडे बघत डब्यांची चौकशी करू लागला. दाजींनी उजवा, धड डबा काढून होडीला नांगर म्हणून बांधला होता. एवढ्या खटपटीतून त्यांची जी एक गोष्ट पक्की ठरली होती, तिचा उपयोग त्यांनी करून घेतला होता. तो डबा बुडत होता. बाबलीला त्यांनी टवका उडालेला दुसरा देऊन टाकला. "उचल. पण रापण चुकवूची नाय. आणि आयतवारी मोजूया."

सहदेव कामावर रुजू झाला त्या सकाळी रापण अर्धी ओढून झाली होती. बंदराकडून लाँच निघाली. खाकी चड्डी घातलेला सहदेव पुढच्या टोकाला, नाळेवर उभा होता आणि ओणवा होऊन नांगराची ओली दोरी हातावर हात टाकत वर घेत होता. दाजींनी कपाळाला हात लावून नीट पाहिलं.

"सरकारानय दोरीच दिली," ते म्हणाले.

लाँच किल्ल्याच्या आड गेली. पाण्याच्या तोंडाशी दोरीवर एक जागा रिकामी होती. तांडेल दोरी ओढत नसतो, त्याने बाजूला उभं राहून हुकूम करायचे असतात. दाजींनी धोतर खोचलं, त्या जागेवर जाऊन उभे राहिले आणि दोरी धरली.